संमतिवयातील ‘संमती’

मराठी भाषेत ‘संमतिवय’ हा जोडशब्द रूढ झाला, त्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला. १८९१ च्या कायद्याच्या वादात तो वृत्तपत्रांतून, सभांतून आणि माजघरांतूनही उच्चारला गेला. पुढे शालेय इतिहासाच्या पुस्तकांत जाऊन बसला. ‘संमतीचे वय’ असा त्याचा विग्रह होतो. हा तत्पुरुष समास, आणि तत्पुरुषात प्राधान्य उत्तरपदास असते, हे आम्ही शिक्षक मुलांना नित्य सांगतो. इतिहासातही नेमके तसेच घडले. वाद माजला तो वयाचा : दहा की बारा, ऋतुप्राप्तीपूर्वी की नंतर. पूर्वपदाकडे, म्हणजे संमतीकडे, फारसे कोणी वळून पाहिले नाही. संमती म्हणजे काय, ती द्यावयाची कोणी, आणि एकदा दिलेली संमती परत घेता येते किंवा नाही, हे प्रश्न तसेच मागे राहिले. त्या मागे राहिलेल्या पूर्वपदाचा इतिहास थोडक्यात मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ १८९१ पासून न करता सात वर्षे मागे जाऊन डॉ. रखमाबाई यांच्या खटल्यापासून केला पाहिजे. रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ मध्ये झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या बालपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन ह्या विद्वान वैद्यकाशी पुनर्विवाह केला. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी लावण्यात आले. लग्नानंतर त्या सासरी नांदावयास गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहून वाचीत व शिकत राहिल्या. १८८४ मध्ये दादाजीने पत्नीचा ताबा मिळावा म्हणून मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. रखमाबाईंनी जाण्यास नकार दिला. दादाजीस आपले पोषण करण्याचे सामर्थ्य नाही, त्याची प्रकृती ठीक नाही, तो ज्या मामाच्या घरी राहतो ते घर राहण्यायोग्य नाही, अशी कारणे न्यायालयापुढे आली. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती : हे लग्न अजाण वयात झाले, आणि जाणत्या वयात ते आपणांस मान्य नाही, असे एक स्त्री उघडपणे म्हणत होती.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. ज्या स्त्रीने पतीबरोबर एकदाही संसार केलेला नाही, तिला तिच्या इच्छेविरुद्ध, केवळ त्याने तिचा उपभोग घ्यावा म्हणून, त्याच्या घरी पाठविणे हे रानटीपणाचे होईल, असा त्यांच्या निकालाचा आशय होता. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि आमच्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. पळालेल्या जोडीदारास न्यायालयाच्या हुकमाने परत आणण्याचा हा दावा हिंदू धर्मशास्त्रात नाही. तो इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मन्यायालयांतून आलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या देशात त्याने मूळ धरले होते ते अलीकडेच. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान दांपत्याच्या खटल्यात असा दावा चालू शकतो असे ठरविले होते.

निकालावर मोठे काहूर उठले. धर्म बुडाला, अशी ओरड झाली. परंतु ओरड करणारे ज्याचे रक्षण करू पाहत होते, ती इंग्रजी चर्चच्या वखारीतून आलेली वस्तू होती, हे त्यांतील फार थोड्यांच्या ध्यानी आले. खुद्द इंग्लंडात १८८४ मध्ये, म्हणजे दादाजीने दावा लावला त्याच वर्षी, असा हुकूम मोडणाऱ्यास तुरुंगात टाकण्याची शिक्षा पार्लमेंटने रद्द केली होती. ह्या देशाच्या १८८२ च्या दिवाणी कार्यसंहितेत मात्र ती कायम राहिली. धन्याने आपल्या घरी टाकून दिलेले जोखड गड्याच्या मानेवर तसेच राहावे, असा हा प्रकार होता.

१८८६ मध्ये सर न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरविला आणि खटला पुन्हा चौकशीसाठी खाली पाठविला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : एका महिन्यात पतीच्या घरी जावे, अन्यथा सहा महिन्यांचा कारावास भोगावा. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. त्यांच्या बाजूने बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक उभे राहिले. न्यायालयात काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते. शेवटी जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हुकमाची बजावणी सोडून दिली. व्हिक्टोरिया राणीने हे लग्न मोडले, अशी एक कथा आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात राणीच्या करुणेने जे झाले असे आपण मानतो, ते दोन हजार रुपयांनी झाले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकण्यास गेल्या, १८९४ मध्ये पदवीधर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली.

येथे वाचकांच्या मनात एक शंका उद्भवेल. रखमाबाईंनी संमती दिलीच नव्हती. मग ती परत घेण्याचा प्रश्न ह्या खटल्यात कोठून आला? शंका रास्त आहे. परंतु वरच्या न्यायालयाच्या भूमिकेतच तिचे उत्तर आहे. लग्न विधिपूर्वक झाले आहे, एवढे त्या न्यायालयास पुरेसे होते. वधूचा होकार होता की नव्हता, हे विचारण्याची त्याला गरज भासली नाही. बापाने, आजोबाने किंवा मामाने उच्चारलेला होकार हाच तिचा होकार ठरला, आणि तो जन्मभर पुरणारा ठरला. अकराव्या वर्षी दुसऱ्याने दिलेला शब्द बावीसाव्या वर्षी स्वतःस परत घेता येत नसेल, तर विसाव्या वर्षी स्वतः दिलेला शब्द तिसाव्या वर्षी कसा परत घेता येईल? ‘संमती नव्हती’ आणि ‘संमती आता नाही’ ही दोन वाक्ये वेगळी खरी. परंतु कायद्याने दोन्हींच्या तोंडावर एकच दार लावून घेतले होते.

ह्या दाराची बांधणी इंग्लंडात झाली होती. सतराव्या शतकातील न्यायाधीश सर मॅथ्यू हेल यांचा फौजदारी कायद्यावरील ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७३६ मध्ये, छापला गेला. विवाहाच्या वेळी स्त्रीने जी संमती दिली, ती तिला पुढे परत घेता येत नाही. म्हणून पती हा पत्नीवरील बलात्काराचा अपराधी होऊच शकत नाही, असे मत हेल यांनी त्यात नोंदविले. त्यासाठी त्यांनी कोणत्याही निकालाचा आधार दिला नाही. तरी हे निराधार मत अडीचशे वर्षे इंग्लंडात प्रमाण मानले गेले आणि १८६० च्या भारतीय दंडसंहितेत अपवादाच्या रूपाने उतरले. इंग्लंडात १९९१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ते टाकून दिले.

आपल्या परंपरेत ह्या प्रश्नाची मांडणी निराळ्या शब्दाने झाली. तो शब्द ‘दान’. मनुस्मृतीतील अठरा व्यवहारपदांत दिलेली वस्तू परत घेण्याच्या वादास स्वतंत्र स्थान आहे, आणि कन्या एकदाच दिली जाते, हेही त्याच स्मृतीत सांगितले आहे. परंतु त्याच व्यवहारपदांत ‘क्रयविक्रयानुशय’ नावाचे एक पद आहे. अनुशय म्हणजे पश्चात्ताप. वस्तू विकत घेणाऱ्यास किंवा विकणाऱ्यास मागाहून पश्चात्ताप झाला, तर दहा दिवसांच्या आत व्यवहार फिरविण्याची मुभा स्मृतिकारांनी ठेवली होती. मन बदलणे हा मनुष्यस्वभाव आहे आणि व्यवहारात त्यास जागा ठेवली पाहिजे, ही समज आपल्या शास्त्रकारांस नव्हती, असे कोणी म्हणू नये. ती होती, पण भांडे घेणाऱ्यास जे दहा दिवस मिळाले, ते दिल्या गेलेल्या मुलीस मिळाले नाहीत. कारण सरळ आहे. दानात देणारा असतो व घेणारा असतो. जी वस्तू दिली जाते, तिला मत विचारीत नाहीत.

इंग्रजी अमदानीतील कायद्यातही हीच विसंगती दिसते. १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याने असे ठरविले होते की, जो करार व्यक्तीच्या स्वतःच्या गुणांवर किंवा इच्छेवर अवलंबून असतो, तो तिच्याकडून बळाने पुरा करून घेता येत नाही. एखाद्या गवयाने गाण्याचे कबूल करून ऐन वेळी नकार दिला, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मागता येईल. त्याला ओढून आणून गावयास लावता येणार नाही. चित्रकाराच्या कुंचल्यास आणि गवयाच्या गळ्यास जे संरक्षण होते, ते पत्नीच्या देहास मात्र दहा वर्षांनंतरच्या फॅरनसाहेबांच्या न्यायालयातही मिळाले नाही.

आता १८९१ कडे वळू. १८९० मध्ये कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित बालिका पतीच्या बळजोरीने मरण पावली. तिचे वय दहाच्या वर असल्यामुळे त्या काळच्या कायद्याने तो बलात्कार ठरेना; पतीस हलक्या कलमाखाली एक वर्षाची सक्तमजुरी झाली. ९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी विधेयक मांडले आणि १९ मार्च रोजी ते संमत होऊन मर्यादा दहाची बारा झाली. पुण्यात ह्या विधेयकावरून रण माजले. लोकमान्य टिळकांनी परकी सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून कडाडून विरोध केला. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षापर्यंत करू नयेत असा स्वेच्छेचा नियम त्यांनी स्वतः १८९० मध्ये सुचविला होता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. आगरकरांनी ‘सुधारका’तून, तेलंगांनी कायद्याच्या आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी शास्त्रग्रंथांच्या आधाराने विधेयकाचा कैवार घेतला. दोन्ही बाजूंस विद्वत्ता होती. परंतु दोन्ही बाजू बहुतांशी एकच प्रश्न सोडवीत होत्या : कितव्या वर्षापासून? त्या वर्षानंतर मुलीने ‘नाही’ म्हटले तर काय, ह्याचे उत्तर नव्या कायद्यात नव्हते. बारा वर्षे पुरी झाली की पत्नीची संमती गृहीत धरावयाची, आणि ती मरेपर्यंत गृहीत धरावयाची. रखमाबाईंचा प्रश्न तीन वर्षांपूर्वी तडजोडीत मिटला होता, तो पुन्हा उघडला गेला नाही.

वाङ्मयाकडे पाहिले तरी हेच दिसते. बेळगावशी ज्यांचा निकट संबंध होता, त्या गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आले आणि जरठकुमारी विवाहाविरुद्ध त्याने जे काम केले, ते सभांनी व ठरावांनी झाले नसते. तथापि त्या नाटकातील एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. शारदेचे वृद्ध भुजंगनाथाशी लागत असलेले लग्न शेवटी मोडते ते वधूवर सगोत्र निघतात म्हणून. शारदा रडते, प्रेक्षक हेलावतात, तिचा नकार साऱ्या नाट्यगृहास ठाऊक असतो. परंतु मंडपात त्या नकाराचे वजन पडत नाही, वजन पडते ते गोत्राचे. ह्यात देवलांचा दोष नाही. त्यांनी समाज होता तसा दाखविला. ज्या समाजात मुलीच्या ‘नाही’ने अक्षता थांबत नसत, तेथे अक्षता थांबविण्यास शास्त्राचीच अडचण शोधावी लागे.

आम्ही ज्या भागात राहतो, तेथील इतिहास ह्याहून कठोर आहे. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. मुंबईच्या उच्च न्यायालयाचा शब्द कडोलीपासून निपाणीपर्यंत प्रमाण होता. ह्याच जिल्ह्यात सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आहे. तेथे मुली देवीस वाहण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या चालली. आईबापांनी नवस केला, लहान मुलीच्या गळ्यात मोती बांधले, म्हणजे तिचे आयुष्य ठरले. तिला लग्न करता येत नसे, आणि वयात आल्यावर तिचा देह कोणाच्या स्वाधीन व्हावा, हे इतर लोक ठरवीत. येथेही तेच सूत्र दिसते : शब्द दुसऱ्याने दिला, तो परत घेण्यास कोणासच अधिकार नाही, आणि ज्याने घ्यावा तो देव असल्यामुळे तक्रार कोणाकडे करावी हेही कळत नाही. १९३४ च्या मुंबईच्या कायद्याने असे वाहणे बेकायदा ठरविले आणि अशा स्त्रीस विवाहाची मोकळीक दिली. १९८२ मध्ये कर्नाटकाने आपला स्वतंत्र कायदा केला. रखमाबाईंस निदान वकील होते, वर्तमानपत्रे होती. सौंदत्तीच्या वाटेवर चालविलेल्या मुलीस ह्यांपैकी काहीच नव्हते. तिच्या ‘नाही’ची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

स्वातंत्र्यानंतर ह्या पूर्वपदाकडे देशाचे लक्ष पुन्हा वेधले ते महाराष्ट्रातीलच एका खटल्याने. मार्च १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलिस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींस सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये ते निर्दोष नाहीत असे ठरविताना, भीतीने स्वाधीन होणे व संमती देणे यांतील भेद स्पष्ट केला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९७८ मध्ये, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, अशा कारणांवरून त्यांस मुक्त केले. ह्या निकालाविरुद्ध सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार ह्या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला असून ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसे गृहीत धरावे, असे ठरले. नकाराच्या शब्दास प्रथमच कायद्यात वजन आले.

२०१३ च्या सुधारणेने पुढचे पाऊल पडले. संमती म्हणजे निःसंदिग्ध व स्वेच्छेची मान्यता, आणि तीही त्या विशिष्ट कृतीपुरती, अशी व्याख्या दंडसंहितेत आली. स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असे मानू नये, हेही स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही व्याख्या तशीच ठेवली. ह्या व्याख्येतील ‘विशिष्ट कृती’ हे शब्द आम्हांस सर्वांत मोलाचे वाटतात. संमती जर त्या त्या कृतीपुरती असेल, तर कालची संमती आजची होत नाही, आणि आरंभीची संमती शेवटपर्यंत आपोआप पुरत नाही. मध्येच ‘थांब’ म्हटले, तर थांबले पाहिजे. न्यूझीलंडमधून आलेल्या एका अपिलात प्रिव्ही कौन्सिलने १९८४ मध्ये हेच तत्त्व मान्य केले, आणि कॅनडाने १९९२ मध्ये संमती परत घेण्याचा हक्क आपल्या फौजदारी कायद्यात स्पष्ट शब्दांनी लिहिला.

ह्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. दिलेला शब्द केव्हाही परत घेता येऊ लागला, तर शब्दास किंमत काय राहिली, आणि संसार टिकावा कसा? आक्षेप घेणाऱ्यांची कळकळ आम्ही जाणतो. परंतु त्यात दोन गोष्टींचा घोटाळा होतो. संमती परत घेणे हे पुढील काळास लागू असते, मागील काळास नाही; खुशीने घडून गेलेली गोष्ट मागाहूनच्या पश्चात्तापाने अपराध होत नाही. दुसरे असे की, संसाराची वचने मोडली तर त्यांवर कायद्यात उपाय आहेत : पोटगी आहे, विभक्त राहणे आहे, घटस्फोट आहे. देहावर जबरदस्ती हा त्यांतील एक उपाय असू शकत नाही. जो संसार केवळ ‘नाही’ म्हणता येत नाही म्हणून टिकतो, त्यास टिकणे म्हणावे काय?

तरीही हेलसाहेबांचे दार अद्याप पूर्णपणे उघडलेले नाही. रखमाबाईंचे निधन २५ सप्टेंबर १९५५ रोजी झाले. त्याच वर्षी मे महिन्यात अमलात आलेल्या हिंदू विवाह कायद्याच्या नवव्या कलमात, ज्या दाव्याने त्यांस तुरुंगाच्या उंबरठ्यावर नेले, तो दाव्याचा प्रकार कायम राहिला. तुरुंगाची शिक्षा १९२३ मध्येच गेली होती, जप्तीची राहिली. १९८३ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले, परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध मानले. इंग्लंडाने हा दावाच १९७० च्या कायद्याने मोडीत काढला होता. विवाहांतर्गत बळजोरीस अपराध न मानण्याचा अपवाद काढून टाकावा, अशी शिफारस न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये केली. ती स्वीकारली गेली नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील पत्नीपुरता तो अपवाद दूर केला. २०२२ च्या मार्चमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका पतीवरील बलात्काराचा आरोप रद्द करण्यास नकार दिला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांत ह्या अपवादावर मतभेद झाला. नव्या न्याय संहितेतही प्रौढ पत्नीच्या बाबतीत अपवाद उरलाच आहे. म्हणजे पुन्हा वयाने बाजी मारली आणि संमती मागे राहिली. १८९१ च्या वादाशी ह्याचे साम्य कोणासही दिसावे.

आमचा वाचकवर्ग बहुतांशी अध्यापकांचा आहे. संमतिवयाचा कायदा आपण वर्गात शिकवितो तो सन, विधेयक, समर्थक व विरोधक ह्या चार ओळींत. त्यात रखमाबाईंचे नाव बहुधा येत नाही. आले तर ‘पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक’ एवढेच येते. त्यांनी वैद्यक होण्यापूर्वी जे केले, ते अधिक अवघड होते. देशातील एका वरिष्ठ न्यायालयाच्या हुकमापुढे उभे राहून त्यांनी सांगितले की, माझ्या नावाने दिलेला शब्द मी पाळणार नाही, शिक्षा असेल ती द्या. मुलांस, आणि मुलींइतकेच मुलग्यांस, हे नीट समजावून सांगितले पाहिजे. कडोलीसारख्या सीमाभागातील गावात दर वर्षी साहित्यसंमेलन भरते, हजारो लोक भाषेच्या अभिमानाने एकत्र येतात. त्या भाषेत ‘होकार’ हा शब्द जेवढा जुना आहे, तेवढाच ‘नकार’ही जुना आहे. पहिल्याचे मंगलाष्टक आपण शतकानुशतके गात आलो. दुसऱ्यास अर्थ आहे, आणि तो केव्हाही उच्चारला तरी त्यास तेवढाच अर्थ आहे, एवढे एका पिढीस आपण शिकवू शकलो, तर संमतिवय ह्या समासाचे पूर्वपद निदान आपल्या वर्गात तरी मागे राहणार नाही.